ट्यूबखालचा ब्लाऊज

माझ्या नाकावर राग असतो हे अमरावतीच्या सगळ्या राजापेठेला माहीत आहे. बावीस वर्षं मी अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवते. क्लास वरच्या मजल्यावर, आणि बरोबर खाली वाहेदभाईंचं मॅचिंग सेंटर. वर मी प्रकाश शिकवते, खाली ते ब्लाऊज पीस, फॉल आणि अस्तर विकतात. माझ्या पुस्तकात रंग सात. त्यांच्या कपाटात एकट्या हिरव्याचेच तीस: पोपटी, शेवाळी, मेहंदी, मोरपंखी, रामा. माझी पोरं सात नावं क्रमाने सांगताना अडखळतात, आणि खाली चार बुकं शिकलेली बाई 'रामा नको, रामाच्या अलीकडचा दाखवा' असं बिनचूक सांगते. याचा मला बरेच दिवस राग होता.

गेल्या मे महिन्यात माझ्या आचलचं लग्न झालं. मुलगा पियुष, अकोल्याचा, जठारपेठेत स्वतःचं घर. मुलात काही खोट नव्हती. त्याच्या आईत, म्हणजे रुख्मिणीबाईंत, एक होती. त्या रागवत नाहीत, लक्षात ठेवतात. रागावणारं माणूस परवडतं. मी स्वतः तशीच आहे, दहा मिनिटांत निवते. पण सात वर्षांपूर्वी त्यांच्या मोठ्या सुनेच्या, रागिणीच्या, माहेरहून मानाच्या साडीवरचा ब्लाऊज जरा वेगळ्या रंगाचा आला होता, आणि ती गोष्ट त्या अजून प्रत्येक बारशाला, प्रत्येक साखरपुड्याला सांगत. आमच्या पहिल्याच बैठकीत सांगितली, रागिणी समोर चहाचा ट्रे धरून उभी असताना. शेवटी म्हणाल्या, "रंगच नाही समजत त्याईले." रागिणी हसली. ते हसू नुसतं ओठांवर होतं. आपल्या आचलने पुढची सात वर्षं असं हसायचं नाही, एवढं मी तिथे बसल्या बसल्या ठरवलं.

विहीणबाईंची मागणी एकच होती. साडी रामा कलरची, आणि ब्लाऊज मॅचिंग, तसाच्या तसा. साडीबरोबर आलेला पीस सोनेरी होता, तो त्यांनी फोनवरच नाकारला. "सोनेरी नको. घातला का बँडवाल्यासारखं वाटते."

म्हणून साडी घेऊन मी खाली उतरले. दुपारचे दोन वाजलेले, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. वाहेदभाईंनी साडीचं टोक दोन बोटांत धरलं, जरा चोळलं आणि विचारलं, "मॅडम, लगन दिवसाचं का रातचं?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"लॉनवर का हॉलमंधी?"

"पत्रिका पाठवीन मी वाहेदभाई. आधी कपडा दाखवा."

"त्याच्यासाठीच तं इचारून राहिलो. कपड्याले आपला रंग नसते मॅडम. उजेड देते तो रंग."

आता हे वाक्य मी दर जूनमध्ये फळ्यावर लिहिते. माझंच वाक्य मला कापडाच्या दुकानात ऐकवलं जावं म्हणजे काय? माझा पारा चढला आणि मी तिथेच उभ्या उभ्या तास घेतला. म्हटलं, रेडिओ, मायक्रोवेव्ह, उष्णतेचे किरण, मग डोळ्याला दिसणारा एवढासा पट्टा, त्यापुढे अतिनील, एक्स-रे. या सगळ्या एकाच जातीच्या लहरी, फक्त लांबी वेगळी. राजापेठेपासून बडनेऱ्यापर्यंतचा रस्ता धरला तर आपल्याला दिसतो तो उजेड त्यातला एक पानठेला. त्या पानठेल्यात रामा कलरची लांबी साधारण पाचशे नॅनोमीटर. ती अमरावतीत पाचशे, अकोल्यात पाचशे, लॉनवर पाचशे आणि हॉलमध्येही पाचशेच.

वाहेदभाई समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतात. भांडायची इच्छा असलेल्या माणसाची त्यामुळे फार गैरसोय होते. "बराबर असन," एवढंच म्हणाले. मग कपाटातून एक ठाण ओढलं आणि ट्यूबखाली साडीवर टाकलं. साडी कुठे संपते आणि पीस कुठे सुरू होतो, ते कळेना.

"तरी एक डाव बाहेर उन्हात पाहून घ्या," ते म्हणाले.

त्यांच्या दुकानात येणारी प्रत्येक बाई पीस घेऊन दोन पायऱ्या उतरते, रस्त्यावर उभी राहून उजेडात पाहते आणि मगच कापायला सांगते. ती रीतच आहे. पण बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं, आणि मी पाचशे नॅनोमीटरची मालकीण. "गरज नाही," मी म्हटलं, "कापा."

लग्नाला आठ दिवस उरले असताना साडी आणि शिवलेला ब्लाऊज घेऊन आम्ही नवरा-बायको अकोल्याला गेलो. जठारपेठेत लाईट गेलेली होती, म्हणून सगळे बाहेर ओट्यावर बसलेले. दोन शेजारणीही होत्या, साडी पाहायला बोलावलेल्या. रुख्मिणीबाई उंच, धिप्पाड, आणि आवाज अगदी हळू. त्यांनी साडी मांडीवर घेतली, वर ब्लाऊज ठेवला, आणि मांडी जरा उन्हाकडे सरकवली.

साडी रामा होती. ब्लाऊज निळा होता. निळाही धड नाही, राखेकडे झुकलेला, आजारी निळा.

 रुख्मिणीबाईंनी ब्लाऊजची घडी मोडून आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं. मग म्हणाल्या, "विहीणबाई, तुमी उजेडाच्याच मास्तरीण ना? चांगला उजेड पाडला."

रागिणी दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण या घरात सात वर्षांत पहिल्यांदाच हे बोलणं दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला येत होतं, आणि तिने भिंतीला जरा आरामात पाठ टेकली.

"दुकानात जुळत होता," मी म्हटलं. "आत चला. ट्यूबखाली पाहा."

"आत लाईट नाही."

"येईल ना."

एक शेजारीण म्हणाली, "म्हणजे याचा रंग लाईट आल्यावर येते?"

मग आम्ही सात माणसं चाळीस मिनिटं लाईटची वाट पाहत बसलो. आमच्या ह्यांनी कालचा पेपर तोंडापुढे धरला आणि शेवटपर्यंत खाली केला नाही. पंखा गरगरल्याचा आवाज आला तसे सगळे उठून आत धावले. ट्यूबखाली साडी आणि ब्लाऊज एकजीव दिसत होते. रुख्मिणीबाई दोन्ही घेऊन बाहेर गेल्या, निळा. आत आल्या, रामा. अशा त्यांनी चार फेऱ्या घातल्या, मागे आम्ही सगळे.

"हे तं भानामती वाटते," शेजारीण म्हणाली.

"भानामती नाही हो, मेटॅमेरिझम आहे," मी म्हटलं. ते तिला त्याहून वाईट वाटलं असावं, कारण ती दोन पावलं मागे सरकली.

मग मी समजावून सांगितलं. ही पांढरी एलईडी ट्यूब खरी पांढरी नाही. आत निळा दिवा आहे, वर पिवळ्या पुडीचा लेप. निळं आणि पिवळं मिळून डोळ्याला पांढरं भासतं. पण निळं संपून हिरवं सुरू होतं तिथे मध्ये एक खड्डा आहे, त्या लांबीचा उजेड ट्यूबमध्ये फार थोडा असतो. सूर्यात सगळं भरलेलं आहे. साडी आणि ब्लाऊज वेगवेगळ्या रंगात बुडवलेले, आणि हा ब्लाऊज नेमका त्या खड्ड्यातला उजेड जास्त परत फेकतो. ट्यूबखाली ती लबाडी झाकून राहते, उन्हात उघडी पडते. हे सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी वाहेदभाईंचंच वाक्य लांबवून सांगते आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो बावीस वर्षं मीच जपला होता.

रुख्मिणीबाईंनी सगळं ऐकलं. "सारं बराबर आहे," त्या म्हणाल्या. "पण लगन दिवसाचं आहे. अकरा बेचाळीसचा मुहूर्त, लॉनवर. मी काय डोक्यावर ट्यूब घेऊन फिरू?" आणि मग शेजारणींकडे वळून, आवाज न चढवता, "दोन्ही सुनायच्या घरी रंग समजत नाही म्हणा."

त्या 'दोन्ही'ने मला घायाळ केलं. साडी-ब्लाऊज परत पिशवीत घातले आणि येताना सगळा रस्ता मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर हजर. वाहेदभाईंनी ब्लाऊज हातात घेतला, रस्त्यावर जाऊन पाहिला आणि आत येऊन म्हणाले, "मी इचारलं होतं." एकदाच म्हणाले, पण चवीने म्हणाले. मग इमानाने कामाला लागले. अर्धं कपाट रस्त्यावर नेऊन पाहिलं, तीन ओळखीच्या दुकानांतून ठाणं मागवली. उन्हात जुळेल असं एकही निघेना. साडीच्याच आतल्या टोकातून पीस काढावा तर विहीणबाई उंच, साडी तोकडी पडली असती आणि त्याची वेगळी गोष्ट झाली असती.

शेवटी कपाळाचा घाम पुसत ते म्हणाले, "कपडा तं बदलत नाही मॅडम. आता उजेड बदलून पाहा."

ते थट्टेत म्हणाले. मी मात्र पायरीवर बसले ती उठलेच नाही. उजेड बदला. उन्हातला निळा आणि त्या खड्ड्यातला भाग काढून टाकला तर दोन्ही कापडांत भांडण उरतच नाही. आणि निळं काढून टाकायला महागडं यंत्र लागत नाही, पिवळी काच किंवा पिवळं कापड पुरतं. लग्नाच्या लॉनवर सूर्य आणि माणसं यांच्यामध्ये काय असतं? मंडप.

त्याच दुपारी वाहेदभाईंच्या स्कूटरवर मागे बसून मी मंडपवाल्या श्रावणच्या गोदामात गेले. आमचा मंडप पांढरा-गुलाबी ठरलेला होता. आम्ही त्याच्या अंगणात एकेक कापड दोरीवर ताणायला लावलं आणि खाली साडी-ब्लाऊज धरून उभे राहिलो. पांढऱ्याखाली ब्लाऊज निळा. गुलाबीखाली निळा. हिरव्याखाली तर त्याला चेवच आला. शेवटी हळदी पिवळं, दुहेरी कापड ताणलं. वाहेदभाईंनी डोळे बारीक केले, बोट साडीवरून ब्लाऊजवर फिरवलं आणि म्हणाले, "बसलं."

श्रावण कमरेवर हात ठेवून उभा होता. "मॅडम, लोक मंडपाले मॅचिंग साड्या घालते. ब्लाऊजले मॅचिंग मंडप मी पयल्यांदाच लावून राहिलो."

"कोणाला सांगू नकोस," मी म्हटलं. ही माझी दुसरी चूक. मंडपवाल्याला असं सांगणं म्हणजे भोंगा लावून देणं.

अकोल्याला फोन केला. काम झालं, साडी-ब्लाऊज माझ्याकडेच राहू दे, लग्नाच्या दिवशी इथेच घाला, उन्हातही जुळतो. विहीणबाईंनी नुसतं "पाहू" म्हटलं.

मी काही कच्चं ठेवलं नव्हतं. मंडप वरून पिवळा, बाजूंनी पिवळा, आणि वरपक्षाच्या खोलीच्या दारापासून मंडपापर्यंत पिवळ्या कापडाचा बोगदा. खोलीत ट्यूब होतीच. रुख्मिणीबाई साडी नेसून आरशासमोर उभ्या राहिल्या, जुळलं. बोगद्यातून चालत आल्या, जुळलं. मंडपात खुर्चीवर बसल्या, पदर बाहीवर ठेवून पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा समाधान दिसलं.

बाकी मंडपात मात्र हाहाकार होता. दोनशे बायका कावीळ झाल्यासारख्या दिसत होत्या. पियुषची पांढरी शेरवानी पुन्हा हळद लागल्यासारखी. माझी नणंद गर्द निळी साडी नेसून आली होती, ती मंडपात शिरताच काळी झाली, आणि 'लग्नात काळं काहून नेसली?' असं तिला तिघींनी विचारलं. सगळ्यात हाल वाहेदभाईंचे. राजापेठेतल्या ज्या ज्या बायकांनी 'दिवसाचं, लॉनवर' असं खरं सांगून त्यांच्याकडून पीस घेतले होते, त्यांचं मॅचिंग या पिवळ्यात बिघडलं होतं. सहाजणींनी त्यांना जिलेबीच्या ताटासकट कोपऱ्यात घेरलं. त्यांनी लांबून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळा दोष मुकाट्याने स्वतःवर घेतला.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी विहीणबाईंच्या बाहीवरून नजर हलवत नव्हते. आता जेवणं झाली की सुटलो, असा विचार करते तोच अकोल्याच्या पाहुण्यांच्या घोळक्यात श्रावण हात नाचवत काहीतरी सांगताना दिसला. दोन मिनिटांत ते रुख्मिणीबाईंच्या कानापर्यंत गेलं. त्या उठल्या, मंडपाच्या कडेला गेल्या, बाजूचं कापड जरा सरकवलं आणि एक हात बाहेर उन्हात काढला.

बाही निळी झाली. हात आत घेतला, रामा. पुन्हा बाहेर काढला. सगळा मंडप पाहत होता. व्यासपीठावरून आचल माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेत मला रागिणीचं ते हसू येऊ घातलेलं दिसलं.

"हे माह्यासाठी केलं?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

"हो."

"पूरा मंडप?"

"बोगदासुद्धा."

त्यांनी बाहीकडे एकदा पाहिलं. मग आपल्या जावांकडे वळल्या, आणि त्या हळू आवाजाच्या बाईचा आवाज पहिल्यांदा चढला. "पायलं का? लोकायचा ब्लाऊज साडीले मॅचिंग असते. माह्या ब्लाऊजले विहिणीनं सूर्य मॅचिंग केला."

सगळ्या हसल्या, पण मानाने हसल्या. आता ही गोष्ट प्रत्येक बारशाला सांगितली जाणार होती, आणि आचलला ती ऐकताना मान खाली घालावी लागणार नव्हती. मी जिंकले होते. खुर्चीत बसून मी किती तरी वेळाने नीट श्वास घेतला.

तेवढ्यात रागिणी पन्ह्याचा ग्लास घेऊन आली. माझ्या हातात देताना कानाशी म्हणाली, "मावशी, माह्या मायले मंडपाचं सुचलं नाही. ते बिचारी सात दुकानं फिरून ब्लाऊजच शोधत राहिली."

टोमणा नव्हता तो, म्हणूनच लागला. शहाणं माणूस पन्हं पिऊन गप्प बसलं असतं. पाच मिनिटांपूर्वी जमलेलं सगळं माझ्या एका वाक्याने मोडू शकत होतं, हे मला चांगलं कळत होतं. पण फळ्यावर चुकीचं लिहिलेलं मला पुसल्याशिवाय राहवत नाही.

"विहीणबाई," मी सगळ्यांदेखत विचारलं, "रागिणीच्या माहेरचा तो ब्लाऊज तुम्ही कुठे पाहिला होता?"

"ओट्यावर. काहून?"

"आणि रागिणी, तुझ्या आईने कुठे पाहून घेतला होता?"

"दुकानात," रागिणी म्हणाली. "ट्यूबखाली."

"मग तो आणि माझा एकच. त्यांना रंग समजत नव्हता असं नाही. फरक एवढाच, की मी कॉलेज शिकले म्हणून माझ्या चुकीला मोठं नाव सांगता आलं, आणि त्यांना ते नाव ठाऊक नव्हतं."

आचलने डोळे मिटून घेतले. रुख्मिणीबाईंचा हात अजून अर्धा उन्हात होता. तो त्यांनी आत घेतला.

"सात वर्षं झाले," त्या म्हणाल्या. "रागिणी, तू बोलली काहून नाही?"

"तुमी इचारलं कुठं, आई. तुमी सांगत होत्या."

 रागिणीची आई शेवटच्या रांगेत बसली होती. या घरच्या प्रत्येक कार्यात ती शेवटच्याच रांगेत बसते, असं मला नंतर कळलं. रुख्मिणीबाई एकट्याच सगळा मंडप ओलांडून तिच्यापर्यंत गेल्या आणि शेजारच्या खुर्चीत बसल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. एवढं दिसलं, की ती म्हातारी आधी घाबरून उठली, आणि यांनी हाताला धरून तिला परत बसवलं.

मग त्यांनी तिथूनच हाक मारली, "ओ मंडपवाले, आमच्या डोक्यावरचं हे पिवळं काढा. तोंडं पाहू द्या एकमेकीचे."

श्रावणने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने दोरी सोडली, तो एक पट्टा खाली घसरला आणि दुपारचं ऊन दोघींच्या अंगावर आलं. सगळ्या पाहुण्यांसमोर रुख्मिणीबाईंचा ब्लाऊज निळा झाला. त्यांनी पदर ओढून तो झाकला नाही, आणि त्या तिथून उठल्याही नाहीत.